बॉल जातो कुठे? बास्केटबॉलवरचे तुमचे प्रश्न

नमस्कार मंडळी. या महिन्यात पत्रं आणि मेसेज मिळून खूप आले आणि निम्म्याहून जास्त एकाच सुरातले, की मुलं रोज येतात, घाम गाळतात, पण मॅचमध्ये सुधारणा दिसत नाही. जिल्हा स्पर्धा तोंडावर आल्यात त्यामुळे ही घालमेल मला चांगली कळते. एका मॅडमचं पत्र जवळजवळ पूर्ण घेतेय कारण त्यात बऱ्याच जणांचा प्रश्न आलाय, म्हणून त्याला जागाही जास्त दिलीय, बाकीच्यांना जमेल तसं.

"ताई, मी कराडजवळच्या एका शाळेत पीटी शिकवते. मी स्वतः खो-खोची खेळाडू, बास्केटबॉल कधी खेळले नाही, पण शाळेत कोर्ट आहे म्हणून १७ वर्षांखालच्या मुलींची टीम माझ्याकडे आली. मागच्या वर्षी पहिल्याच मॅचला ३८-९ ने हरलो, मुली रडल्या, गाडीत बसल्यावर मी पण रडले. १४ मुली आहेत, सकाळी शाळेआधी ५० मिनिटं मिळतात, कोर्ट सिमेंटचं, एक रिंग नीट आहे आणि दुसरी वाकलेली, बॉल पाच, त्यातले दोन अगदी गुळगुळीत झालेत. मोबाईलवर व्हिडिओ बघून दोन-तीन प्ले शिकवले पण मॅचमध्ये कुणालाच काही आठवत नाही. दोन महिने हातात आहेत. कुठून सुरुवात करू?"

मॅडम, सगळ्यात आधी हे सांगते की तुम्ही खो-खोच्या आहात हे तुमच्या मुलींचं नशीब आहे. खाली वाकून पळणं, धावता धावता एका पायावर दिशा बदलणं, समोरच्याला हूल देणं, हे तुमच्या अंगात मुरलंय आणि डिफेन्सला नेमकं तेच लागतं. बास्केटबॉल खेळून आलेले कितीतरी कोच मुलींना वाकायला शिकवता शिकवता थकतात, तुमच्याकडे ते पहिल्या दिवसापासून आहे.

आता ते प्ले, म्हणजे आधी ठरवून पाठ केलेल्या चाली. त्या दोन महिने बाजूला ठेवा. मॅचमध्ये आठवत नाहीत यात मुलींची चूक नाही, कारण प्ले चालायला तीन-चार पास नीट जावे लागतात आणि समोर कुणी हात पसरून उभं राहिलं की पहिलाच पास जात नाही, मग पुढचं सगळं पाठ असून काय उपयोग.

त्याऐवजी एक वही घ्या. साधी शंभर पानी. प्रॅक्टिसमधल्या मॅचला जी मुलगी बाहेर बसलीय तिच्या हातात ती द्यायची आणि सांगायचं की आपल्याकडे बॉल आला की शेवटी त्याचं काय झालं एवढंच लिही. रिंगजवळून शॉट मारला तर 'ज', लांबून मारला तर 'ल', फाउल मिळाला तर 'फ', आणि शॉट न मारताच बॉल हातचा गेला तर 'ग'. शॉट आत गेला तर अक्षराभोवती गोल. बास. आठवीतली मुलगीसुद्धा पाच मिनिटांत शिकते. आणि हे एकदा हातात आलं ना की तुम्हाला तुमची टीम पहिल्यांदा दिसेल, कारण डोळ्यांना फक्त चुकलेले शॉट लक्षात राहतात, हातून गेलेले बॉल राहत नाहीत.

हिशोब करून दाखवते. समजा मॅचमध्ये ६० वेळा बॉल तुमच्याकडे आला आणि त्यातले ३५ 'ग' निघाले. उरले २५ शॉट, त्यात झाले ९ पॉइंट. आता तुम्ही महिनाभर नुसतं शूटिंग घेतलं आणि मुली दुप्पट चांगल्या मारायला लागल्या, जे महिन्याभरात होत नाही, तरी १८. पण ३५ चे २० 'ग' केले तर शूटिंग होतं तसंच राहूनही शॉट २५ चे ४० होतात आणि स्कोअर आपोआप चौदा-पंधरावर जातो. आणि खरा फायदा तर पलीकडच्या बाजूला आहे, कारण बॉल मधल्या मध्ये गेला की समोरच्या टीमला मोकळं मैदान मिळतं आणि एक सोपा ले-अप, म्हणजे पळत येऊन रिंगजवळून मारलेला शॉट, पडतो, तुमच्यावर झालेल्या ३८ मधले बरेच पॉइंट असेच आले असणार. 'ग' कमी झाले की तो आकडा पण खाली येतो.

हे काही माझ्या एकटीच्या डोक्यातलं नाही. अमेरिकेत डीन ऑलिव्हर नावाच्या अभ्यासकाने एनबीएच्या, म्हणजे तिथल्या प्रोफेशनल लीगच्या, मॅचेसचे आकडे तपासून जिंकण्याच्या चार गोष्टी काढल्या, शूटिंग, बॉल न गमावणं, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) आणि फ्री थ्रो (फाउल झाल्यावर रेषेवरून मिळणारा मोकळा शॉट), आणि त्यांना साधारण ४०, २५, २० आणि १५ टक्के वजन दिलं. ते प्रोफेशनल खेळाडू, त्यांच्या हातून बॉल मुळातच कमी जातो. शाळेच्या टीममध्ये माझ्या मते बॉल गमावणं हेच पहिल्या नंबरवर येतं आणि बाकीचे तीन मागे.

मग 'ग' च्या पुढे कारण लिहायला लावा. बहुतेक चारच निघतील: ट्रॅव्हलिंग (बॉल न आपटता हातात धरून जास्त पावलं टाकणं), दोघी-तिघींनी घेरलं आणि घाबरून बॉल फेकला, डोक्यावरून ढगात उंच पास टाकला आणि मधल्या मधे अडवला, किंवा खाली मान घालून ड्रिबल करत (बॉल आपटत) सरळ समोरच्या मुलीवर जाऊन आदळली. बघा, यातल्या एकाला सुद्धा उंची लागत नाही, महागडा बॉल लागत नाही, दुसरी रिंगपण लागत नाही!

पहिले दोन आठवडे पाय आणि पास. पळत यायचं, शिट्टी वाजली की दोन्ही पाय एकदम टेकवून थांबायचं, गुडघे वाकलेले, बॉल हनुवटीखाली दोन्ही हातांत घट्ट, कोपरं बाहेर. मग एक पाय खिळ्यासारखा रोवून दुसऱ्या पायाने वळायचं, पुढे, मागे, परत पुढे. यालाच पिव्होट म्हणतात आणि घेरलेल्या मुलीचा तोच आधार, कारण तिला एकदा कळलं की मी पाय रोवून वळू शकते, माझ्याकडे वेळ आहे, की ती बॉल फेकून द्यायची थांबते. मी मुलींना "थांब, वाक, वळ, बघ" असं मोठ्याने म्हणायला लावते. पहिले दोन दिवस लाजतात, मग आपसात एकमेकींना ओरडून सांगतात.

५० मिनिटांचं काय करायचं तर रांगा मोडायच्या. एका रिंगसमोर १४ जणींची ले-अपची रांग म्हणजे प्रत्येकीला पाच सेकंद धरले तरी आपला नंबर यायला ७० सेकंद, दहा मिनिटांत जेमतेम आठ-नऊ शॉट आणि बाकी वेळ उभं राहून वेणी घालणं. त्याऐवजी पाच, पाच आणि चार असे तीन गट करा. एक गट चांगल्या रिंगवर दोन चांगले बॉल घेऊन. दुसरा भिंतीपाशी ते दोन गुळगुळीत बॉल घेऊन, भिंतीवर छातीच्या उंचीला खडूने गोल काढायचा आणि त्यात पास मारत राहायचं, घसरता बॉल पकडून पकडून हात इतके पक्के होतात की मॅचचा बॉल सोपा वाटतो. तिसरा गट उरलेल्या एका बॉलवर मधल्या जागेत, तिघी पास करतात आणि चौथी मधे पळून अडवते, या जागेवर पाच जणींचा गट आला की अडवायला दोघी. आठ-आठ मिनिटांनी गट बदलले की अर्धा तास गेला आणि कुणी रिकामी उभी नाही. वाकलेली रिंग शॉटसाठी वापरू नका, हाताला चुकीची सवय लागते, पण बोर्ड धड असेल तर बोर्डवर बॉल मारून उडी मारून पकडायला, म्हणजे रिबाउंडला, ती जागा उत्तम आहे.

उरलेली वीस मिनिटं खेळ, पण ड्रिबल बंद. चार विरुद्ध चार, फक्त पास, बॉल जमिनीवर आपटला की बॉल समोरच्या टीमला. पहिल्या दिवशी भयंकर होईल, बॉल हातात घेऊन मुली पुतळ्यासारख्या उभ्या राहतील कारण पास घ्यायला कुणी हलतच नाही. होऊ द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या आपोआप मोकळ्या जागेत पळायला लागतात. तुम्ही त्यांना एकच वाक्य सांगायचं, खो दिला की बसायचं असतं, इथे पास दिला की पळायचं असतं. तुमच्या मुलींना हे माझ्यापेक्षा तुमच्या तोंडून लवकर कळेल.

तिसऱ्या आठवड्यापासून ले-अपवर जोर द्या, लांबचे शॉट सध्या बंदच. ले-अप शेवटून शिकवायचा. आधी रिंगखाली बाजूला उभं राहून एका पायावर उडी आणि बॉल बोर्डवरच्या छोट्या चौकोनाच्या वरच्या जवळच्या कोपऱ्यावर. ते जमलं की एक पाऊल मागे. मग दोन. उजव्या हाताने मारायचं तर उजवा पाय, डावा पाय, आणि डाव्यावरून उडी, खडूने पावलं काढून ठेवा, त्यावरूनच चालत यायचं, पळत नाही, पळणं खूप नंतर. डाव्या बाजूने पण तेवढंच घ्या. समोरच्या टीमला एकदा कळलं की या सगळ्या उजवीकडूनच येतात की ते उजवीकडे दोघी उभ्या करतात आणि संपलं.

डिफेन्समध्ये मॅन टू मॅनच घ्या, म्हणजे प्रत्येकीने समोरची एकेक मुलगी धरायची. मला माहितीये की शाळेच्या स्पर्धांत टू-थ्री झोन (दोघी पुढे, तिघी मागे, आपापली जागा सांभाळत) लावून रिंगखाली गर्दी करणाऱ्या टीम जिंकतात, कारण या वयात लांबून कुणाचे शॉट जात नाहीत. पण झोनमध्ये मुलगी एका जागेवर उभी राहायला शिकते आणि तुमच्याकडे पळणाऱ्या मुली आहेत. फक्त पूर्ण कोर्टभर प्रेस करू नका, म्हणजे समोरच्यांना त्यांच्या हाफपासूनच धरायला जाऊ नका, दहाव्या मिनिटाला दम संपेल. अर्ध्या कोर्टावर परत यायचं, आपली आपली मुलगी धरायची, तिच्या आणि रिंगच्या मधे राहायचं, हात वर. हातावर मारून बॉल काढायचा मोह टाळायचा, कारण एका क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्यांना दोन-दोन फ्री थ्रो.

आणि समोरच्यांनी प्रेस केला तर? आपल्या हाफमधून बॉल आठ सेकंदांत पुढे न्यायचा असतो, त्यामुळे घाई होते आणि सगळ्या मुली बॉलपासून लांब पळतात, बॉलवाली एकटी पडते. एकच नियम ठेवा, बॉलवालीच्या दोन्ही बाजूंना एकेक आणि मधल्या सर्कलजवळ एक, कोर्टाच्या मधे तोंड करून. मधे पास मिळाला की प्रेस फुटला. रोज पाच मिनिटं एवढंच घ्या, पुरेसं आहे.

बुटांबद्दल विचारलं नाहीत पण सांगते, कारण सिमेंटवर पायाला फोड आले की मुलगी दुसऱ्या दिवशी येत नाही. यूसीएलए या अमेरिकन विद्यापीठाचे कोच जॉन वुडन, ज्यांच्या कॉलेज टीमने १९६४ ते १९७५ या १२ वर्षांत १० वेळा अमेरिकेचं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, ते पहिल्या प्रॅक्टिसला खेळाडूंना मोजे कसे घालायचे आणि लेस कशी बांधायची ते शिकवायचे, चुणी राहिली की फोड येतो म्हणून. तुम्हीही एक दिवस द्या.

मॅचच्या दिवशी मुलींना स्कोअरचं टार्गेट देऊ नका. हाफटाइमला वही उघडा आणि सांगा की मागच्या मॅचला या वेळेपर्यंत १७ 'ग' होते, आज ११ आहेत. हरलात तरी परत येताना त्यांच्याकडे धरायला काहीतरी असेल. आणि एखाद्या संध्याकाळी शिरीन लिमयेच्या मॅचचे व्हिडिओ दाखवा, आपल्या पुण्याची मुलगी, भारताच्या महिला टीमची कॅप्टन झाली. मुलींना सांगा की शॉट बघू नका, बॉल नसताना ती कुठे पळते ते बघा.

"माझी मुलगी १० वर्षांची आहे, ठाण्यात एका क्लबला जाते. तिथे सगळ्यांना एकच मोठा बॉल देतात. तिचा बॉल रिंगपर्यंत पोचतच नाही, कोच म्हणतात ताकद येईल हळूहळू. बरोबर आहे का?"

नाही, बॉल बदला. मोठा बॉल म्हणजे ७ नंबरचा, तो मोठ्या मुलांचा आणि पुरुषांचा. मुली आणि महिला मोठेपणी पण ६ नंबरनेच खेळतात. १० वर्षांच्या मुलीला ५ नंबर. साधारण ११-१२ वर्षांपर्यंत तोच ठेवा. जड बॉल पोचवायला मूल खांद्यामागून दोन्ही हातांनी गोळाफेक केल्यासारखं फेकतं आणि ती सवय पुढे चार-पाच वर्षं मोडत नाही, मी असल्या सवयी मोडण्यात किती संध्याकाळी घालवल्यात ते मलाच माहीत. रिंग मोठ्यांसाठी ३.०५ मीटरवर असते, लहानांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये २.६० मीटर. क्लबला खाली घेता येणारी रिंग नसेल तर भिंतीवर २.६० वर खडूने रेघ मारून त्यावर एका हाताने शॉट मारू दे. कोचशी भांडू नका, फक्त तिचा ५ नंबरचा बॉल पिशवीत घालून पाठवा, बहुतेक कोच हो म्हणतात.

"मी नागपूरला इंजिनिअरिंगला आहे, कॉलेज टीममध्ये खेळतो. प्रॅक्टिसला १० पैकी ८ फ्री थ्रो टाकतो, मॅचमध्ये निम्मे पण जात नाहीत. दोन मॅच आम्ही एका-दोन पॉइंटने घालवल्या आणि दोन्हीत शेवटचे फ्री थ्रो माझे होते. झोप लागत नाही."

अरे, आधी हे ऐक, ४० मिनिटांच्या मॅचमध्ये एका पॉइंटने हरलात तर तो पॉइंट पहिल्या क्वार्टरमध्ये पण गेलेला असतो, कुणाच्या सुटलेल्या रिबाउंडमध्ये, कुणाच्या ट्रॅव्हलिंगमध्ये. शेवटचा तुझ्या नावावर दिसतो एवढंच. झोप.

आता प्रॅक्टिसचं. तू दहा एका दमात मारतोस, बरोबर? मग तिसऱ्या-चौथ्यानंतर हात लयीत येतो आणि आठ जातात. मॅचमध्ये दहा मिळतच नाहीत, दोन मिळतात, ते पण पळून पळून छाती धडधडत असताना. म्हणून आजपासून दोनच मारायचे. दोन मारले की कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन यायचं, परत दोन. असे दहा वेळा, म्हणजे वीसच शॉट झाले. आणि लिहून ठेव, पहिला किती वेळा गेला आणि दुसरा किती वेळा, वेगवेगळं. माझ्याकडच्या बऱ्याच मुलांचा पहिला शॉट आखूड पडतो कारण दमल्यावर पाय वाकत नाहीत आणि मग हातानेच ढकलतात. तुझंही तेच असेल तर उपाय गुडघ्यात आहे, मनात नाही.

रेफरीने बॉल दिल्यापासून तुझ्याकडे पाच सेकंद असतात, ते सगळे वापर. रेषेवर पाऊल, दोन टप्पे, एक मोठा श्वास बाहेर सोडायचा, मग शॉट, जे काय ठरवशील ते, पण दरवेळी तेच आणि प्रॅक्टिसमध्ये पण तेच. रिक बॅरी नावाचा एनबीएचा खेळाडू दोन्ही हातांनी खालून, पायांच्या मधून बॉल टाकायचा, बघायला विचित्र, पण जवळपास ९० टक्के आत. तू स्टाइल बदल असं म्हणत नाहीये, पण हात एकाच रस्त्याने गेला पाहिजे.

"आमच्या सोसायटीच्या टीमचा मी कॅप्टन. एक मुलगा फारच भारी खेळतो पण पास देत नाही, बाकीचे चौघे वैतागलेत, दोघांनी यायचं बंद केलं. त्याला काढलं तर हरतो, ठेवलं तर टीम फुटते."

भांडणाआधी दोन गोष्टी बघ. एक, त्याने पास दिल्यावर पुढे काय होतं? वर कराडच्या मॅडमना वही सांगितलीय तशीच तू पण ठेव, त्याचे पास आणि त्याचं काय झालं. जर त्याने दिलेल्या दहापैकी सहा पास बाकीच्यांच्या हातून सुटत असतील तर तो स्वार्थी नाही, त्याचा भरवसा उडालाय, आणि मग काम बाकीच्या चौघांच्या हातावर करायचंय. बॉल यायच्या आधी हात वर, दहाही बोटं दिसली पाहिजेत, आणि बॉलकडे एक पाऊल पुढे टाकून घ्यायचा, उभ्या उभ्या वाट बघायची नाही.

दुसरी, तो मोकळ्या मित्राला बघतो तरी का. ड्रिबल करताना मान खाली असणाऱ्याला कुणी दिसतच नाही, मग मुद्दाम देत नाही असं वाटतं. प्रॅक्टिसला असा खेळ लावा की पास घेऊन पडलेली बास्केट चार पॉइंट, एकट्याने ड्रिबल करून टाकलेली दोन. कुणालाही काही बोलावं लागत नाही, जिंकायचा हावरा मुलगा स्वतःच हिशोब करतो आणि असे मुलगे हावरे असतातच, तेच त्यांचं बळ आहे.

हे सगळं करून पण नाही बदलला तर त्याच्याशी एकट्याशी बोल, टीमसमोर नको. चहाच्या टपरीवर ने. "तू देत नाहीस" असं सुरू करू नकोस, "तुला आमच्याकडून काय हवंय" असं विचार आणि मग गप्प बसून ऐक. आणि त्या दोघांना पण आज फोन कर, ते कंटाळून गेलेत, त्यांना कुणीतरी बोलवायची वाट असेल.

"चिपळूणला आमचं उघडं कोर्ट आहे, जून ते सप्टेंबर पाणी आणि शेवाळ. आणि स्पर्धा नेमक्या त्याच सुमारास. मुलांची प्रॅक्टिस कशी घ्यायची?"

सर, शेवाळ असेपर्यंत कोर्टावर एकही मूल उतरवू नका, मनगट मोडलं तर वर्ष गेलं. उघडीप मिळाली की ब्लीचिंग पावडर टाकून ताठ ब्रशने घासून घ्यायचं, भरपूर पाण्याने धुवायचं, वाळलं की मगच.

तोपर्यंत शाळेचा व्हरांडा. रिंग नाही म्हणून शूटिंग थांबत नाही, पाठीवर झोपून एका हाताने बॉल सरळ वर टाकायचा, मनगट शेवटपर्यंत वाकवायचं, आणि बॉल त्याच हातात परत आला पाहिजे, इकडेतिकडे गेला की कळतं हात वाकडा जातोय. याहून चांगला शिक्षक नाही. मग पिव्होट, डिफेन्सचं सरकणं, दोरीवरच्या उड्या, डोळे मिटून एका पायावर तोल धरणं म्हणजे घोटे मजबूत होतात, डाव्या हाताचं ड्रिबल. पावसाळ्यात ज्याने डावा हात बनवला तो दिवाळीनंतर वेगळाच खेळाडू दिसतो. ज्या दिवशी अगदीच धो धो असेल त्या दिवशी वर्गात बसून स्कोअरशीट लिहायला शिकवा, मुलांना स्वतःचे आणि टीमचे फाउल मोजता आले की मॅचमध्ये पाचवा फाउल करून बाहेर जाणं कमी होतं.

"आमच्या नांदेडच्या टीममध्ये सगळी मुलं बुटकी आहेत, समोर सहा फुटी आली की सगळे रिबाउंड त्यांचे. काही होऊ शकतं का?"

होऊ शकतं. चुकलेला बॉल खाली येतो तेव्हा ज्याची पाठ समोरच्याला लागून आहे आणि जो रिंगच्या जवळच्या बाजूला आहे त्याला तो मिळतो. शॉट सुटला की तुमची मुलं वर बॉलकडे बघत बसत असणार. त्याऐवजी आधी आपला माणूस शोधायचा, त्याला पाठ लावायची, वाकून रुंद उभं राहायचं, आणि मग बॉल बघायचा. प्रॅक्टिसला बॉल जमिनीवर पडू द्या, जो गट समोरच्याला तीन सेकंद बॉलपासून लांब ठेवेल त्याला पॉइंट. आणि मग्सी बोग्सचं नाव मुलांना सांगा, उंची ५ फूट ३ इंच, एनबीएमध्ये १४ सीझन खेळला.

"ताई मी नववीत आहे. टीममध्ये आहे पण मला मॅचमध्ये कधीच घेत नाहीत, तीन स्पर्धा झाल्या, मी फक्त पाण्याच्या बाटल्या आणि बॅगा सांभाळते. आई म्हणते सोडून दे, अभ्यास कर. सोडू का?"

तुझं पत्र मी शेवटी ठेवलं कारण ते वाचून मला जरा वेळ काही सुचलं नाही. तीन स्पर्धा हा खूप मोठा काळ आहे गं, नववीतल्या मुलीसाठी तर फारच. तुझ्यावर अन्याय होतोय का हे मला इथून कळणार नाही, पण तीन स्पर्धांत एक मिनिट पण न मिळणं मला चुकीचं वाटतं हे मी स्पष्ट लिहिते. यादीत बारा नावं असतात आणि ती पाच जणींच्या बॅगा सांभाळायला नसतात. माझ्या स्वतःच्या टीममध्ये पहिल्या हाफमध्ये प्रत्येक मुलगी कोर्टवर जाते, स्कोअर काहीही असो, आणि त्यामुळे आम्ही काही मॅच हरलोय, तरी मी ते बदललं नाही.

सोडायचं की नाही हे या महिन्यात ठरवू नको. आधी तुझ्या कोचना प्रॅक्टिस संपल्यावर एकटी भेट आणि विचार, "मला मॅचमध्ये पाच मिनिटं मिळायला मी काय शिकायला पाहिजे?" "का घेत नाही" असं नको, कारण मग ते कारणं देत बसतील. काय शिकायचं ते विचारलंस तर त्यांना काहीतरी एक सांगावंच लागेल, डिफेन्स म्हण, डावा हात म्हण. ते एकच धर, तीन आठवडे, रोज वीस मिनिटं, भिंत आणि बॉल असला तरी चालेल. मग परत त्यांच्याकडे जा आणि दाखव.

आणि बेंचवर बसलीस की वर लिहिलेली ती वही तू ठेव. मॅच संपल्यावर ती कोचना दे. किती बॉल कशामुळे गेले हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नसेल, आणि जिला ते माहीत असतं ती कोर्टवर गेल्यावर तीच चूक सहसा करत नाही.

आईला सांग की दिवसातली वीस मिनिटं मागतेय, अभ्यासाला हात लावणार नाही. आणि हे पान तुझ्या कोचना दाखवलंस तरी चालेल, कुणी लिहिलंय असं विचारलं तर माझं नाव सांग.